तपासणाऱ्याचं नाव

कपालेश्वराच्या पायऱ्या चढताना छायाचा पाय दोनदा पुढच्या बाईच्या पदरावर पडला. ती बाई वळून रोखून बघायला लागली तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. हातात बेल होता, दुधाचा गडू होता, आणि मनात शनिवारपासून एकच भुंगा घोंघावत होता. इतक्या लवकर झालं कसं?

"ध्यान कुठंय पोरी?" मागून कलाबाई म्हणाल्या. "पिंडीवर वतायचंय दूध, का तुझ्या त्या मिशिनीवर?"

"आहे लक्ष, आई."

"लक्ष असल्यावर तोंड असं नसतं."

कलाबाई म्हणजे छायाच्या सासूबाई. त्यांचे सोळा सोमवार गेल्या आठवड्यात पुरे झाले होते आणि आज सतरावा, म्हणजे उद्यापन. व्रत कशासाठी धरलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगायचं नसतंच. ह्या व्रताला मीठ वर्ज्य. संध्याकाळी पूजा झाली की चुरम्याचा प्रसाद घेऊन उपास सोडायचा, तोवर जिभेला काही लागता कामा नये. मखमलाबादच्या त्यांच्या मळ्यावर भावकीतली जोडपी जेवायला यायची होती. शेजारच्या साळूबाई विळी घेऊन उजाडतानाच हजर झाल्या होत्या, पण त्यांचाही सोमवार. म्हणून पाहुण्यांच्या स्वयंपाकाचं मीठ-तिखट चाखून बघायचं काम छायाकडे. तिने अंबडच्या कंपनीतून एक दिवसाची रजा घेतली होती ती त्यासाठीच.

ही कंपनी शीतगृहांसाठी कंट्रोल पॅनल बनवायची. पॅनलच्या पोटात एक लहानसा संगणक असतो आणि त्यात असतं कर्नेल, म्हणजे सगळ्या यंत्राचा कारभार हाकणारा मूळ प्रोग्रॅम. हे कर्नेल कुणा एका कंपनीचं नव्हे. जगभरातली माणसं मिळून ते लिहितात आणि कुणीही उघडून वाचावं, वापरावं असं मोकळं ठेवतात. माणसांनी लिहिलेला हा मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. इतकी वर्षं सगळे एकच कंपायलर वापरत आले होते, आणि त्यामुळे एक गंमत झाली होती. घरात जुनी सून असली की सासूने नुसतं "अगं, ते दे" म्हटलं तरी ती नेमका डबा काढून देते. हा जुना कंपायलर तसा. लिहिणाऱ्यांनी अर्धंमुर्धं लिहिलं, भाषेच्या पुस्तकात नसलेली सवलत घेतली, तरी तो समजून घ्यायचा. आता दुसरा एक कंपायलर आला होता. त्याने बांधलेलं कर्नेल जागा कमी खाईल, पॅनलला स्वस्तातली चिप चालेल, म्हणून कंपनीला तो हवा होता. कामाला तो चलाख, पण नव्या सुनेसारखा. "ते म्हणजे कोणतं, आई? नीट सांगा." नीट सांगितलं नाही तर हात लावायचा नाही, नाहीतर शब्दाला शब्द धरून भलतंच करून ठेवायचा.

कर्नेलमध्ये अशी अडणारी ठिकाणं शोधायची आणि तिथला मजकूर दोघांनाही कळेल असा करून द्यायचा, हे छायाचं काम. दोन वर्षं ती त्यात होती. ज्यांचा मजकूर बदलायचा ती माणसं दूरदेशीची, तोंडाने फटकळ. "माझं काही चुकलेलं नाही, तुझा कंपायलर अडाणी आहे," असं एकाने सगळ्यांसमोर लिहिलं होतं. तिने उत्तर दिलं होतं, "आपलं म्हणणं समजलं. तरी एकदा पाहावं." आवाज चढवणं तिला टायपिंगमध्येही जमत नसे. वर दर दोन-तीन महिन्यांनी कर्नेलची नवी आवृत्ती निघायची आणि तिच्या निम्म्या दुरुस्त्या खिळखिळ्या व्हायच्या. एका कडेने निंदत जावं आणि मागे वळून बघावं तर गवत पुन्हा टोपलीभर, अशातली गत.

सुटका एकच होती. ह्या दुरुस्त्या मुख्य कर्नेलमध्ये घेतल्या गेल्या पाहिजेत. मग त्यांची निगा सगळ्यांची. तो भाग सांभाळणारा योहान नावाचा गृहस्थ शेवटी राजी झाला होता. ह्याच सोमवारी, आपल्याकडे दिवेलागणीच्या सुमाराला तो त्या आत घेणार होता, आणि त्यानंतर ह्या आवृत्तीचं दार बंद. छायाचे साहेब निवृत्ती बोरस्ते, मूळचे सायखेड्याचे, बोलायला रोखठोक. त्यांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "मॅडम, ह्या वेळी गेलं आत तर गेलं. नाहीतर हा विषय बंद, तुम्ही पॅनल टेस्टिंगला बसायचं. मला वरच्यांना तोंड दाखवायचंय."

शनिवारी नव्या कंपायलरने बांधलेलं कर्नेल घरच्या संगणकावर पहिल्यापासून शेवटपर्यंत चाललं. सुरू होताना पहिल्याच ओळीत ते कुणी बांधलं ते उमटतं. तिथे नव्याचं नाव होतं. छायाने हात जोडले आणि दुरुस्त्या योहानकडे पाठवल्या. खाली रीतीप्रमाणे लिहिलं: तपासून पाहिले, छाया विधाते. ह्या लोकांत ही रीत मोठी. ज्याने बदल स्वतः चालवून पाहिला त्याने आपलं नाव घालायचं. सही नाही, शिक्का नाही. नाव घातलं म्हणजे शब्द दिला. ब्राझीलच्या थियागो नावाच्या मुलाने तिने बांधलेलं तेच कर्नेल उतरवून घेतलं, आपल्या यंत्रावर चालवलं आणि तिच्या नावाखाली स्वतःचं नाव जोडलं. ही दोन नावं बघूनच योहान हो म्हणाला होता.

सगळे खूश होते. बोरस्त्यांनी तर रविवारी फोन करून "पेढे तुमच्याकडून का माझ्याकडून?" विचारलं. चैन नव्हतं ते फक्त छायाला. तिचा संगणक जुना, म्हातारा. एरवी लाइट आल्यावर बांधायला घेतलं की पुढचं लोडशेडिंग येईपर्यंत निम्मंही होत नसे. शनिवारी कुकरची वाफ जिरायच्या आत सगळं झालं होतं.

नवा चलाखच आहे, असं तिने स्वतःला समजावलं. दोन दिवस समजावत होती.

देवळातून आल्या आल्या ती आतल्या खोलीत शिरायला लागली. दारात ललित, तिचा नवरा, झेंडूचं तोरण ओवत बसला होता.

"चप्पल तरी काढ."

तिने काढली आणि हातातच घेऊन आत गेली.

"छाया, चप्पल घेऊन कुठं? अगं, दोन दिवस बघतोय. तू बसलेली असलीस तरी चालल्यासारखी दिसतेस."

"एकच बघायचंय हो. लगेच येते."

कर्नेल म्हणजे हजारो लहान तुकडे. एकेक तुकडा कंपायलर घडवतो, मग सगळे सांधले जातात. प्रत्येक घडलेल्या तुकड्यात कोपऱ्यात कुठेतरी घडवणाऱ्याचं नाव राहतं. ते कुणी बघायला जात नाही. छायाने एक तुकडा उघडला. नाव जुन्याचं. तिला वाटलं, चुकून जुन्या ठिकाणचा उघडला. दुसरा उघडला. जुन्याचं. तिसरा, चौथा, मग ती वेगवेगळ्या कोपऱ्यांतले उघडत गेली. जुना, जुना, जुना.

मग कसं झालं ते तिला एकदम दिसलं.

लोडशेडिंगच्या कटकटीवर तिनेच एक तोडगा काढला होता. एक छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या हुकुमांची यादी, लिहिली होती. तुकडा घडला की तो एका कोठारात टाकून ठेवायचा. लाइट गेली, काम तुटलं, तरी पुन्हा सुरू केल्यावर स्क्रिप्ट आधी कोठारात बघायची. मजकूर तोच असेल तर तयार तुकडा उचलून द्यायची. मजकूर तोच आहे ना, एवढंच ती बघायची. तुकडा कुणी घडवलाय हे बघायला छायाने तिला सांगितलंच नव्हतं. तशी गरज पडली नव्हती, कारण जुन्याचं काम अंबडच्या संगणकावर आणि नव्याचं घरी, असा दोन वर्षांचा परिपाठ. पण ह्या शुक्रवारी अंबडचा संगणक दुसऱ्या कुणाला दिलेला होता. आपल्या दुरुस्त्यांनी जुन्याचं काही बिघडत नाही ना, हे बघायला तिने तोही घरीच चालवला, नव्या आवृत्तीसाठी नुकत्याच रिकाम्या केलेल्या कोठारावर. शनिवारी नव्याला बसवलं, तर स्क्रिप्टने इमानेइतबारे कोठारातले जुन्याचेच तुकडे वाढून दिले. पहिली ओळ उमटवणारा तुकडा मात्र दर वेळी नव्याने घडवावाच लागतो. म्हणून तेवढ्यावर नव्याचं नाव. दाराची पाटी नव्या सुनेची, आतला स्वयंपाक सगळा जुनीचा.

नव्याने बांधलेलं कर्नेल चालतं की नाही, हे अजून कुणीच पाहिलं नव्हतं. तिने नाही, थियागोने नाही.

"छाया!" बाहेरून कलाबाईंची हाक आली. "वांग्याचं मीठ बघून जा गं."

"आले!"

ती गेली नाही. तिने कोठार पुसून टाकलं आणि नव्याला कोऱ्या पाटीवरून बसवलं. पडद्यावर ओळी हळूहळू सरकायला लागल्या. आता ही खरी चाल, बैलगाडीची. दहा-वीस तुकडे झाले असतील नसतील, पंखा थांबला, पडदा विझला. लाइट गेली. दुपारची ही गेलेली लाइट संध्याकाळशिवाय यायची नाही, हे मखमलाबादच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि संध्याकाळी तिकडे योहान दुरुस्त्या उचलणार.

तिने बोरस्त्यांना फोन लावला. घाईघाईत, पण क्रम धरून, सगळं सांगितलं. पलीकडे मशीनचा खडखडाट चालू होता.

"म्हणजे चालत नाही?" बोरस्ते म्हणाले.

"माहीत नाही सर. चालेलही. पण पाहिलेलं नाही."

"मग आधी पाहा ना! लाइट आली की बांधा, चालवा. चाललं तर प्रश्नच मिटला."

"तोवर योहान घेऊन मोकळा होईल."

"होऊ द्या की. एकदा आत गेलं की मागून दुरुस्त करता येतं. सगळं जग तेच करतं, मॅडम. तुम्ही आत्ता बोंब मारलीत तर तो सगळंच बाजूला ठेवील. दोन वर्षं! तुम्हाला टेस्टिंगला बसायची हौस आहे का?"

"नाही सर."

"मग गप बसा संध्याकाळपर्यंत."

"छाया, कढीचं मीठ!" बाहेरून पुन्हा हाक. आणि थोड्या वेळाने तिसरी, जरा चढ्या सुरात. छायाने फोनवर हात ठेवून "आले, आले" म्हटलं आणि पुन्हा फोन कानाला लावला. बोरस्ते अजून बोलतच होते.

अंगणातल्या चुलीवर कढीला उकळी फुटत होती. कलाबाईंनी दाराकडे पाहिलं, कढीकडे पाहिलं. कढी फुटली की गेली. त्यांनी पळी उचलली, तळहातावर थेंब घेतला आणि जिभेला लावला. चाळीस वर्षं ह्या हाताने हेच केलेलं. तो हात काही विचारून चालत नाही.

"अगं बाई! कलाताई!" साळूबाई ओरडल्या.

कलाबाई जागच्या जागी थिजल्या. पळी हवेत, तोंड मिटलेलं.

साळूबाई जवळ सरकल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "गिळा. थेंब तर हाय. कुणी नाय पाह्यलं."

कलाबाईंनी पळी खाली ठेवली. मोरीपाशी गेल्या, थुंकल्या, चूळ भरली, पुन्हा भरली, आणि धुण्याच्या दगडावर बसून राहिल्या.

"तू पाह्यलं की," त्या म्हणाल्या.

"मी काय दवंडी देते व्हय?"

"मीबी पाह्यलं."

छाया फोन हातात घेऊन बाहेर आली ती नेमकी ह्याच वेळी. काय झालं ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. कढीचा पिवळा डाग अजून कलाबाईंच्या तळहातावर होता.

"तीन हाका मारल्या," कलाबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या.

"आई, मी..."

"त्या डबड्याला दोन वर्सं दिली. मला एक दुपार नाय दिली तू."

छायाला कुठे बघावं कळेना. कलाबाई कधी असं बोलत नसत. टोमणे मारायच्या, पण ते सणासुदीच्या फटाक्यांसारखे, वाजून मोकळे. हे तसलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही त्या हात उचलत नव्हत्या.

ललितने गुरुजींना फोन लावला. बोलून आला आणि आईच्या समोर उकिडवा बसला. "आई, गुरुजी म्हणतात अजाणता झालं, दोष नाय. अकरा वेळा मंत्र म्हणायचा आणि पुढं चालायचं. ते येतायत वेळेवर."

"त्यांना आज अजून दोन घरी जायचं असंल."

"आई!"

"नाय रे, चांगला माणूस हाय तो. त्यांना चालतंय, देवालाबी चालत असंल." कलाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "मला नाय चालत. पोटात गेलं नाय ते खरं, पण जिभेला मीठ कळलं. कमी होतं, हेबी कळलं."

साळूबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते पदरात दाबलं.

"मग आता? माणसं बोलावलीत," ललित म्हणाला. "स्वयंपाक निम्मा झालाय."

"माणसं जेवतील की. त्यांनी काय केलंय? चुरमाबी वाटू. शंकराची पूजाबी होईल." कलाबाई उठल्या, लुगड्याच्या निऱ्या झटकल्या. "पण उद्यापन म्हणायचं नाय त्याला. सोमवारचं जेवण म्हणायचं. सोळा सोमवार येत्या श्रावणात पुन्हा धरीन."

"म्हणजे सगळ्यांना सांगत बसणार का तू?"

"सांगत कशाला बसू? जे नाय झालं ते झालं म्हणणार नाय, एवढंच."

छाया पुढे झाली. "आई, चुकलं माझं. खरंच चुकलं."

"आधी मीठ बघ."

तिने थेंब घेतला. "कमी आहे."

"मग घाल. का त्यालाबी फोन लावायचाय?"

छायाने मीठ घातलं, वांगी चाखली, वरण चाखलं. कणीक भाजताना ती सासूबाईंच्या शेजारी बसून राहिली. पण मांडी जागेवर ठरेना. पाय बदल, पदर सारख, सांडशी उचलून पुन्हा ठेव. शेवटी कलाबाईच म्हणाल्या, "मुंग्या लागल्यात का तुला? जा, काय असंल ते उरकून ये. मग माझ्यापाशी बसायचं तर बस."

ती आत गेली. ललित तिच्या मागोमाग आला.

"इन्व्हर्टरवर चालेल का संगणक?" तिने विचारलं.

"बॅटरी बसलीय. संध्याकाळी पाहुण्यांना दोन दिवे लागतील. थोडा वेळ चालव, पण तुझं ते बांधायचं काम काय व्हायचं नाय त्याच्यावर."

"बांधायचं नाही. दोन ओळी पाठवायच्यात."

त्याने वायर बदलून दिली. पडदा उजळेपर्यंत ती उभीच होती. तिने त्याला थोडक्यात सांगितलं: शनिवारचं काय झालं, साहेब काय म्हणाले, आता हे पाठवलं तर कदाचित सगळंच मागे पडेल आणि उद्यापासून पॅनल तपासत बसावं लागेल. ललित मळ्यातला माणूस. बियाणं खराब निघालं तर काय होतं ते त्याला कळत होतं, पण पिशवीवरच्या नावासाठी इतकं कासावीस व्हायचं कारण त्याला उमगेना.

"त्या योहानला कळलं असतं?"

"आज नाही."

"त्या ब्राझीलच्या पोराला?"

"त्यालाही नाही. त्याने माझ्या भरवशावर नाव घातलंय."

"आणि लाइट आल्यावर चाललंच तर?"

"तर चांगलंच."

"मग साहेब म्हणतात तसं संध्याकाळपर्यंत कळ काढ ना."

"मला बसवत नाही हो," छाया म्हणाली. "शनिवारपासून बसवत नाही."

ललितने खुर्ची पुढे सरकवली, आणि ती बसेना तसा स्वतःच तिच्यावर बसला.

उभ्या उभ्याच तिने लिहिलं. योहानला, आणि रीतीप्रमाणे सगळ्यांना दिसेल असं. दुरुस्त्या मी पाठवल्या त्याच आहेत, त्या घ्यायच्या की नाही ते तुम्ही वाचून ठरवा. 'तपासून पाहिले' ह्या ओळीतलं माझं नाव काढा. थियागोचंही काढा, कारण त्याने चालवलं ते मी बांधून दिलेलं, आणि ते नव्याने बांधलेलं नव्हतंच. कोठाराची चूक कशी झाली ते तिने खाली लिहिलं, म्हणजे दुसरा कुणी असा तोडगा काढील तर सावध राहील. क्षमा मागावी की नाही ह्यावर ती थोडी अडली. मग एकदाच मागितली आणि पाठवून दिलं.

बटण दाबल्यावर हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. कसलं काय. आता योहान काय म्हणेल, बोरस्ते वाचतील तेव्हा काय होईल. ती मोबाइल चुलीपासून लांब, तुळशीच्या कट्ट्यावर उलटा ठेवून आली आणि दर थोड्या वेळाने मान वळवून तिकडे बघत राहिली.

पूजा झाली. जोडपी आली, जेवली. चुरमा सगळ्यांना आवडला. भावकीतल्या बयाबाई निघताना कलाबाईंच्या पाया पडायला वाकल्या आणि म्हणाल्या, "छान झालं हो उद्यापन. नशीबवान तुम्ही."

"सोमवारचं जेवण होतं," कलाबाई म्हणाल्या. "कढी कशी झाली होती?"

"कढी तर एक नंबर."

"सुनेनं बघितलं मीठ," कलाबाई म्हणाल्या, आणि ह्यात कौतुक किती नि काटा किती, ते छायाला ठरवता आलं नाही.

लाइट आली तशी पंगत उठायच्या आधीच तिने संगणक सुरू करून ठेवला होता. खरकटं काढता काढता ती आत डोकावून येई. ओळी सरकत होत्या, मंद, एकामागून एक. तीन ठिकाणी नवा अडला. एका ठिकाणी तर तिनेच महिन्यापूर्वी केलेली दुरुस्ती त्याला पटत नव्हती. ती तिथेच उष्ट्या हाताने बदलायला निघाली, तेव्हा ललितने मनगट धरून तिला मोरीकडे नेलं.

सकाळी दूध तापायला ठेवून तिने रात्रीतून बांधून झालेलं ते नवं कर्नेल चालवून पाहिलं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. पहिली ओळसुद्धा उमटली नाही. तिने पुन्हा लावलं. पुन्हा काळा. दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा कलाबाईंनी स्वयंपाकघरातून फक्त "गेलं" एवढंच म्हटलं.

मग तिने उत्तरं उघडली. थियागोचं आधी होतं. त्याने लिहिलं होतं, "माझं नाव मीच काढायला हवं होतं. पहिल्या ओळीची पाटी बघून आत शिरलो. पुढच्या वेळी माझं मी बांधून घेईन. अजून कोण कोण पाटी बघून शिरलंय, हात वर करा." त्याखाली दोन अनोळखी माणसांनी खरोखरच हात वर केले होते.

योहानचं उत्तर नेहमीसारखं आखूड होतं. ज्या दुरुस्त्या नुसत्या वाचूनही बरोबर दिसतात, त्या त्याने आत घेतल्या होत्या. त्या बऱ्याच होत्या. शेवटची, नव्या कंपायलरला दार उघडून देणारी, तेवढी बाहेर ठेवली होती. खाली एकच वाक्य: चाललं की पाठव.

ती वाचत असतानाच बोरस्त्यांचा फोन आला.

"वाचलं मी," ते म्हणाले. "म्हणजे निम्मं आत, निम्मं बाहेर. मी वरच्यांना काय सांगू? नवरदेव आला, घोडा वेशीवर राहिला?"

"सर, जे आत गेलं त्याची निगा आता आपल्याला ठेवायची नाही. ते सगळं सुटलं."

"आणि जे चालवायचं होतं ते?"

"ते चालत नाही. आत्ताच पाहिलं."

पलीकडे बोरस्त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं, काल नाही गेलं ते," असं काहीसं ते पुटपुटले की तसा तिला भास झाला, कुणास ठाऊक. मोठ्याने मात्र म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द, मॅडम. आजपासून टेस्टिंगला. नऊला पॅनल उतरतील, शेडमध्ये या."

"येते सर. मग ते दुसरं मी घरी करीन."

"घरी तुम्ही पोळ्या लाटा नाहीतर कंपायलर लाटा, मी कोण विचारणारा? वेळेवर या."

छायाने डबा भरला. कलाबाई ओट्यावरचं दूध पुसत होत्या. ती त्यांच्यापाशी घुटमळली. "आई, श्रावणात मीपण धरते तुमच्याबरोबर."

"तू?" कलाबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "पूजेला घडीभर एका जागी बसावं लागतं. आधी तेवढं शीक."

स्कूटी काढली तेव्हाही पडदा तिच्या डोळ्यांसमोर होता. पहिल्या ओळीच्याही आधी मरतं, म्हणजे अगदी उंबऱ्यातच काहीतरी आहे. तिथे मजकूर अगदी थोडा असतो, आणि तो लिहिणारे सगळ्यात जुने, सगळ्यात हट्टी लोक. मुंबई नाक्याचा सिग्नल लागला, सुटला, मागच्या रिक्षावाल्याने भोंगा मारला तेव्हा ती हलली. यंत्र जागं होतं, पहिला पत्ता, म्हणजे काम कुठून सुरू करायचं त्या जागेचा आकडा, वाचतं, तिथून उडी मारतं. उडी नेमकी कुठे पडते? जुन्याने आपण होऊन काय समजून घेतलं असेल, जे नव्याला कुणी सांगितलेलंच नाही?

शेजारून ट्रक गेला आणि वाऱ्याचा झोत अंगावर आला. तिने पाटी पाहिली. विल्होळी. अंबडचा फाटा केव्हाच मागे पडला होता आणि नऊ वाजत आले होते.

तिने स्कूटी कडेला घेतली, वळवली, आणि रस्ता मोकळा व्हायची वाट बघत असताना हँडलवर बोटांनी पत्ते मोजायला लागली.